ईस्ट बंगालच्या आठवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या ऑफिसात एखादा तरी बंगाली सहकारी असतोच. त्याच्या घरी जेवायला गेलात आणि त्याच्या वडिलांना किंवा सासऱ्यांना फुटबॉलवर बोलतं केलंत, की उठायची सोय राहत नाही. नावं भराभर येऊ लागतात: मजीद, सुरजित, पाच-शून्य, डायमंड, जाकार्ता. संदर्भ माहीत नसले तर नुसती मान हलवत बसावं लागतं. अशा मान हलवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं. बाजू एकच आहे, कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबची. प्रतिस्पर्धी मोहन बागानवाल्यांच्या आठवणी त्यांच्याकडूनच ऐकाव्यात, ते आनंदाने सांगतील.

क्लब कोलकात्याचा, मग नाव ईस्ट बंगाल कसं?

भांडणातून. जुलै १९२० मध्ये कूचबिहार कपचा सामना होता, जोराबागान विरुद्ध मोहन बागान. जोराबागानने शैलेश बोस या आपल्या खेळाडूला ऐन वेळी वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळवा म्हणून रदबदली केली, पण कोणी ऐकलं नाही. चौधुरी आणि बोस दोघेही पूर्व बंगालचे. ‘आपण तिकडचे म्हणून ही वागणूक’ ही सल तेव्हाही होती आणि आजही ही गोष्ट सांगताना आवाजात उतरते. चौधुरी तडक बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी आणखी काही मंडळींना सोबत घेऊन त्यांनी नवा क्लब काढला. नाव ठेवलं आपल्या मुलखाचं.

तेव्हा बंगाल एकच होता. १९४७ साली तो तुटला आणि लाखो माणसं घरदार टाकून सियालदा स्टेशनात उतरली. त्यांचा मुलूख आता परक्या देशात गेला होता, पण मैदानावर त्याच नावाची अकरा माणसं लाल-पिवळ्या जर्सीत धावत होती. निर्वासितांच्या वसाहतींत हा क्लब का भिनला, ते यावरून समजेल. त्या पिढीला गावाचं नाव उरलं ते तिकिटावर आणि स्कोअरबोर्डावर.

घोटी आणि बांगाल म्हणजे काय? त्यात मासे कुठून आले?

घोटी म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे, त्यांचा क्लब मोहन बागान. बांगाल म्हणजे पूर्वेकडून आलेले. ईस्ट बंगाल जिंकलं की घरी इलिश शिजतो (आपल्या कोळणी ज्याला पाला म्हणतात तो), मोहन बागान जिंकलं की कोळंबी. मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात जिंकलेल्या माशाचा भाव चढतो असं सगळे सांगतात. मासळीवाल्यांनी ही प्रथा प्रेमाने जपली असणार, यात शंका नाही. आता घराघरांत दोन्हीकडची लग्नं झाली आहेत, त्यामुळे एकाच स्वयंपाकघरात दोन मासे आणि दोन तोंडं अशी स्थिती असते.

या दोन क्लबांचा पहिला सामना ८ ऑगस्ट १९२१ चा, गोलशून्य. लीगमध्ये गाठ पडली २८ मे १९२५ रोजी, तेव्हा नेपाल चक्रवर्तीच्या गोलावर ईस्ट बंगालने १-० ने बाजी मारली. शंभर वर्षं झाली तरी हे नाव लोक विसरलेले नाहीत.

‘पंच पांडव’ कोण?

१९४९ पासूनच्या चार-पाच वर्षांतली ईस्ट बंगालची आघाडीची फळी: वेंकटेश, अप्पा राव, धनराज, अहमद खान आणि सालेह. १९४९ साली या संघाने कलकत्ता लीग, आय.एफ.ए. (बंगालची फुटबॉल संघटना) शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स कप असे तिन्ही जिंकले. शील्ड १९५० आणि १९५१ मध्येही राखली, १९५१ आणि १९५२ मध्ये ड्युरँड कप आणला. १९५३ मध्ये संघ रुमानिया आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर गेला, तिथे मॉस्कोच्या तॉर्पेदोशी ३-३ अशी बरोबरी केली. अहमद खान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताकडून अनवाणी खेळले होते. त्यांच्या डाव्या पायाबद्दल ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी आता फार थोडे उरले आहेत. आज जे सांगतात ते वडिलांचं ऐकलेलं सांगतात, पण सांगण्यात कसूर करत नाहीत.

हे पाचही जण बंगाली वाटत नाहीत. मग बांगाल लोकांना ते आपले कसे वाटले?

एकही बंगाली नव्हता. अहमद खान, वेंकटेश आणि धनराज कर्नाटकाच्या बाजूचे, अप्पा राव आंध्रचे, सालेह केरळचे. माझ्या मते या क्लबच्या आठवणींतली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे. ज्या क्लबचा जन्मच ‘आम्हाला परकं मानलं’ या रागातून झाला, त्याने ज्यांना डोक्यावर घेतलं ते बहुतेक परमुलखातले. पाच दाक्षिणात्य, हैदराबादचे हबीब, देहरादूनचे गुरखा श्याम थापा, इराणचा मजीद, नायजेरियाचा चिमा, सिक्कीमचा बायचुंग, गोव्याचा अल्विटो. समर्थकांच्या गप्पा तासभर ऐका, ‘तो आमच्यातला नव्हता’ हे वाक्य एकदाही येणार नाही. ज्यांनी स्वतः बिऱ्हाड पाठीवर घेतलं होतं, त्यांना बाहेरून आलेल्या माणसाची ओळख पटायला वेळ लागला नसावा.

१९७० च्या शील्डचा इतका डंका का?

कारण समोर परदेशी संघ होता, तेहरानचा पास क्लब. ईडन गार्डन्सवर अंतिम सामना, गोलशून्य चाललेला, आणि शेवटच्या मिनिटांत बदली म्हणून उतरलेल्या परिमल दे यांनी गोल केला. १-०. प्रेक्षकांनी वर्तमानपत्रांच्या सुरळ्या करून पेटवल्या आणि गॅलरीभर मशाली दिसू लागल्या, असं सांगतात. मशाल हे क्लबचं चिन्ह, त्यामुळे हा प्रसंग वगळून कोणी ही गोष्ट पुरी करत नाही.

तिथून सुवर्णकाळ सुरू झाला. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षं लीग ईस्ट बंगालची. १९७२ पासून प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. मध्यंतरात खेळाडूंना पेटवणाऱ्या त्यांच्या भाषणांना ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. एखाद्याला आईची आठवण करून द्यायची, एखाद्याला टोचून बोलायचं, कोणाला कुठली मात्रा लागू पडते ते त्यांना अचूक ठाऊक होतं.

५-० म्हणजे नेमका कुठला सामना?

३० सप्टेंबर १९७५, आय.एफ.ए. शील्डचा अंतिम सामना, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. जुन्या समर्थकापुढे ‘पाच’ हा आकडा जपून उच्चारावा, नाहीतर पुढचा अर्धा तास तुमचा राहत नाही.

पाचव्याच मिनिटाला सुरजित सेनगुप्तांनी गोल केला. मग श्याम थापा, मग रणजित मुखर्जी, मध्यंतरालाच ३-०. उत्तरार्धात थापांचा दुसरा, आणि शेवटाकडे शुभंकर सान्यालचा पाचवा. मधे थापांनी एक पेनल्टीही वाया घालवली होती. हे समर्थक हळहळत सांगतात, जणू ६-० झालं असतं तर त्यांचं आयुष्य काही वेगळं गेलं असतं!

सुरजितदांचा खेळ ज्यांनी पाहिला ते त्यांच्या उजव्या बगलेवरच्या धावांचं वर्णन हातांनी करतात. टेबलावरचा पेला म्हणजे बचावपटू, मिठाची डबी म्हणजे चेंडू. शब्दांनी ते सांगता येत नाही हे त्यांनाही माहीत आहे. सुरजित शांत, वाचन-संगीतात रमणारे गृहस्थ होते. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी ते गेले.

मोहन बागानच्या बाजूने त्या दिवशी गोलात होता कोवळा भास्कर गांगुली. चार गोल झाल्यावर त्याला बाहेर काढून प्रशांत मित्रांना उतरवलं. कोणाही पोराचं करिअर तिथेच संपलं असतं. पण पुढच्याच वर्षी भास्कर ईस्ट बंगालमध्ये आला आणि या क्लबच्या थोर गोलकीपरांत त्याची गणना झाली, भारताचं कर्णधारपदही मिळालं. त्याला पाच-शून्यची आठवण देऊन कोणी चिडवल्याचं मात्र ऐकिवात नाही. ज्या गोलांवर नाचले, तेच खाणाऱ्याला नंतर पोटाशी धरलं.

या सामन्याची काळी बाजूही आहे. मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने त्या पराभवानंतर जीव दिला. पुढच्या जन्मी चांगला खेळाडू होऊन याचा वचपा काढीन, अशी चिठ्ठी त्याने लिहून ठेवली होती म्हणतात. ईस्ट बंगालचे समजदार लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा थट्टा थांबते.

या सगळ्यात मुंबईचा काही संबंध आहे का?

चांगलाच. रोव्हर्स कप १८९१ पासून मुंबईत होत असे आणि तो कुपरेजवर खेळला जाई. कोलकात्याचे मोठे क्लब त्यासाठी मुंबईत उतरत. ईस्ट बंगालने तो दहा वेळा जिंकला, कधी एकट्याने तर कधी वाटून. त्या दिवसांत दादर, माटुंगा, चेंबूरचे बंगाली कुपरेजला लोटत, आणि गिरणगावातले मराठी शौकीनही. २००० च्या सुमारास स्पर्धा बंद पडली, आणि माझ्या मते मुंबईच्या फुटबॉलचं त्याहून मोठं नुकसान कुठल्याही क्लबच्या बंद पडण्याने झालेलं नाही. देशातले उत्तम खेळाडू वर्षातून एकदा आपल्या दारात येत, ते यायचे थांबले.

श्याम थापाही मुंबईला परके नव्हते. १९७५ च्या आधी ते इथल्या मफतलाल संघातून खेळले होते.

आणि सचिनदेव बर्मन. मूळचे कुमिल्लाचे, वृत्तीने पक्के बांगाल. मुंबईत राहून त्यांचं लक्ष ईस्ट बंगालच्या निकालाकडे असे. मन्ना डे मोहन बागानचे, त्यामुळे दोघांची या विषयावर जुगलबंदी चालायची. १९७५ च्या शरद ऋतूत सचिनदा बेशुद्धावस्थेत होते. राहुलदेव यांनी कानाशी जाऊन ‘ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच गोलांनी हरवलं’ असं सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे उघडले, अशी कथा आहे. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते वारले. कथा किती खरी ते सोडा. ज्यांना ती सांगावीशी वाटते त्यांना पाच-शून्य किती खोल गेलं आहे, एवढं तीतून कळतं.

खेळाडू या क्लबातून त्या क्लबात जात, तेव्हा लोक चिडत नसत का?

चिडत की! पण प्रेमही आटत नसे. त्या काळी दर वर्षी दलबदलाचे ठरलेले दिवस असत. खेळाडूने आय.एफ.ए.च्या कार्यालयात जाऊन सही करायची. त्याआधी क्लबची माणसं खेळाडूला पळवून कुणाच्या तरी घरी, हॉटेलात, गावाबाहेर लपवून ठेवत. ईस्ट बंगालची ‘जीवन-पल्टू’ ही जोडी या कामात वाकबगार म्हणून गाजली. त्यांच्या करामती ऐकताना फुटबॉलपेक्षा गुप्तहेरकथा ऐकल्यासारखं वाटतं.

यामुळे आठवणींचा गुंता होतो. पी. के. १९७६ ला मोहन बागानला गेले. पाच-शून्यमध्ये दोन गोल करणारे श्याम थापा नंतर तिकडे गेले आणि १९७८ च्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्धच त्यांनी ती सुप्रसिद्ध बायसिकल किक मारली. ईस्ट बंगालचा समर्थक त्या गोलाचंही वर्णन करतो, थोडं तोंड वाकडं करून. ‘आमच्याकडे असता तर...’ एवढंच म्हणतो.

१६ ऑगस्ट १९८० विषयी कोणी फार बोलत नाही. का?

त्या दिवशी ईडन गार्डन्सवर लीगमधला ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना होता. उत्तरार्धात दिलीप पालित आणि विदेश बोस यांची मैदानात जुंपली, दोघांनाही बाहेर काढलं. गॅलरीत दंगा उसळला, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण मेले. दोन्ही बाजूंचे समर्थक एकाच गॅलरीत मिसळून बसले होते.

तेव्हापासून बंगालमध्ये हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून रक्तदान शिबिरं भरवून पाळतात. जे त्या दिवशी स्टेडियममध्ये होते त्यांना खोदून विचारू नये. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतात.

मजीद बिसकर एवढा मोठा होता का?

ज्यांनी पाहिला ते म्हणतात, भारतात खेळून गेलेल्या परदेशी खेळाडूंत असा दुसरा नाही. मी त्यांचं ऐकतो, कारण या एका मुद्द्यावर मोहन बागानवालेही फारसा वाद घालत नाहीत.

१९८० च्या मोसमाआधी ईस्ट बंगालमधून खेळाडूंचा लोंढा बाहेर गेला होता, संघ रिकामा झाला होता. तेव्हा अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकणारे तीन इराणी तरुण आले: मजीद बिसकर, जमशिद नासिरी आणि महमूद खाबाजी. मजीदने आल्या आल्या मैदान ताब्यात घेतलं. अंगाने आडदांड नव्हता, पण चेंडू त्याच्या पायाशी आला की बचावपटू नेमके चुकीच्या बाजूला झुकत. लोक त्याला बादशाह म्हणू लागले. त्या वर्षी फेडरेशन कप मोहन बागानसोबत वाटून घेतला, रोव्हर्स कप कोलकात्याच्याच मोहमेडन स्पोर्टिंगसोबत. दुबळ्या झालेल्या संघाला ही कमाई थोडी नव्हती.

त्याच वर्षी इराण-इराक युद्ध पेटलं आणि खोरमशहर हे मजीदचं गाव त्यात बेचिराख झालं. परक्या शहरात तो एकटा पडत गेला. १९८२ मध्ये तो मोहमेडनला गेला, पुढे खेळ उतरला, व्यसनं लागली आणि एक दिवस तो निघून गेला. कुठे, कसा, बरीच वर्षं कोणाला पत्ता नव्हता. नाना अफवा उठत. कोणी म्हणे तो वारला.

ऑगस्ट २०१९ मध्ये शताब्दी सोहळ्यासाठी क्लबने त्याला बोलावलं. विमान रात्री उशिरा उतरलं आणि विमानतळाबाहेर लाल-पिवळ्या झेंड्यांची गर्दी उसळली होती. त्यातल्या अर्ध्याअधिक पोरांनी त्याला खेळताना पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं, मजीदने खेळ सोडला तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. त्याच्या खेळाचं चित्रीकरणही आज फारसं पाहायला मिळत नाही. म्हणजे ती पोरं आली होती ती निव्वळ बाप-काकांनी सांगितलेल्या गोष्टींच्या भरवशावर. समर्थकांच्या गप्पांना रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीचे फोटो पाहावेत.

कृशानू देला ‘भारतीय मॅराडोना’ का म्हणत?

डावा पाय, बुटकी अंगकाठी, चार जणांतून वाट काढायची हौस. १९८५ मध्ये तो विकाश पांजीसोबत मोहन बागानमधून ईस्ट बंगालमध्ये आला, आणि ‘कृशानू-विकाश’ हे एकच नाव असल्यासारखं घेतलं जाऊ लागलं. एकाने न पाहता पास द्यायचा, दुसऱ्याने तिथे असायचं. १९८६ च्या मर्डेका स्पर्धेत थायलंडविरुद्ध त्याने भारताकडून हॅटट्रिक केली. नंतर त्यांच्या जोडीला चिमा ओकोरी आला. चिमाचा दणका आणि कृशानूचं नाजूक काम एकाच संघात पाहायला मिळणं ही चैन होती.

कृशानू २० मार्च २००३ रोजी गेला, वय अवघं ४१. पी. के. बॅनर्जीही २० मार्चलाच गेले, २०२० साली. मैदानावर हा योगायोग कुणी ना कुणी काढतोच.

‘डायमंड’ सामना कुठला?

१३ जुलै १९९७, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, सॉल्ट लेक स्टेडियम. प्रेक्षक १,३१,००० हून अधिक. भारतात कुठल्याही खेळाच्या सामन्याला एवढी गर्दी झाल्याचं मला तरी ठाऊक नाही.

मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या मोसमात ‘डायमंड’ रचना आणली होती. सगळा भर आक्रमणावर. आधीच्या फेरीत त्यांनी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा अर्धा डझन गोलांनी फडशा पाडला होता, त्यामुळे अमलदांची जीभ सैल सुटली. ईस्ट बंगालच्या बायचुंगला ‘चुंगचुंग’, सॅमी ओमोलोला ‘ऑम्लेट’ आणि सोसोला ‘शोशा’, म्हणजे काकडी, अशी नावं त्यांनी ठेवली. वर्तमानपत्रांनी आठवडाभर ती चघळली. आजच्या काळात बायचुंगविषयीचं ते बोलणं कोणी खपवून घेतलं नसतं, आणि तेही बरंच आहे. ईस्ट बंगालच्या बाकावर होते पी. के. त्यांनी बाहेर काही उत्तर दिलं नाही. टॉनिक आत, ड्रेसिंग रूममध्ये पाजलं.

नजिमुल हकने पहिला गोल केला. चिमा तेव्हा मोहन बागानकडे होता, त्याने एक परत केला. बाकीचं काम एकट्या बायचुंगचं. हॅटट्रिक, आणि ४-१. पूर्ण डावपेचच असा होता की डायमंड पुढे सरकला की त्याच्या मागे मोकळी पडणारी जागा बायचुंगने धावून व्यापायची. वीस वर्षांचं ते पोर धावतच राहिलं.

आता गंमत पाहा. हा उपांत्य सामना होता. अंतिम सामन्यात ईस्ट बंगाल गोव्याच्या सालगावकरकडून हरलं. म्हणजे कप आलाच नाही! तो सामना विचारा, लोक डोकं खाजवतात. सालगावकरच्या जुन्या चाहत्यांना मडगावात भेटलात तर त्यांना मात्र हे बोचतं: कप आम्ही जिंकला आणि गाणी त्यांची गातात. त्यांचं म्हणणं रास्त आहे.

मग कप जिंकलेल्या आठवणीच नाहीत का?

आहेत, आणि सर्वांत गोड आहे ती जाकार्ताची. जुलै २००३ मध्ये आग्नेय आशियातल्या क्लबांची आसियान स्पर्धा झाली. प्रशिक्षक सुभाष भौमिक. हा माणूस सत्तरच्या दशकात याच क्लबचा धिप्पाड आघाडीवीर होता आणि विचार मोठे करायचा. निघण्यापूर्वी त्याने संघाला पंचतारांकित हॉटेलात ठेवून शिबिर घेतलं. लोक हसले.

पहिल्याच सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासानाकडून हार. मग फिलिपीन आर्मीविरुद्ध ६-०, सहाही गोल बायचुंगचे. उपांत्य फेरी पेनल्टींवर निभावली आणि २६ जुलैच्या अंतिम फेरीत पुन्हा तेच थायी. या खेपेला ३-१: माइक ओकोरो, बायचुंग, आणि तिसरा गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाचा. अल्विटो नुकताच सालगावकरमधून आला होता. पुढे तो कोलकात्याचाच होऊन गेला.

त्याआधीची एक मेजवानी कमी लोकांना आठवते. १९९३ मध्ये आशियाई कप विनर्स कपमध्ये इराकच्या अल-झवरा संघाला कोलकात्यात ६-२ ने झोडपलं, कार्लटन चॅपमनची हॅटट्रिक. चॅपमन २०२० मध्ये अकाली गेला तेव्हा जुन्या मंडळींनी तो सामना पुन्हा वर काढला.

हरलेले सामने कोणी आठवतं का?

आठवतात, पण उकरून काढावे लागतात. २४ जुलै १९७६: सामना सुरू होऊन १७ सेकंद होतात तोच मोहन बागानच्या अकबरचा गोल, आणि १-० असाच शेवट. कित्येक जण तेव्हा अजून जागेवर बसत होते. २५ ऑक्टोबर २००९: ३-५, मोहन बागानच्या एडे चिडीचे एकट्याचे चार. पुढे हाच चिडी ईस्ट बंगालमध्ये आला आणि अर्थातच त्यालाही आपलं म्हटलं.

सर्वांत बोचरा आहे २९ जानेवारी २०२२ चा, गोव्यात फातोर्ड्याला रिकाम्या स्टेडियममध्ये झालेला. कोविडचे दिवस. आदल्याच आठवड्यात, २२ जानेवारीला, सुभाष भौमिक गेले होते. ईस्ट बंगालने आघाडी घेतली आणि मग मोहन बागानकडून बदली म्हणून उतरलेल्या एका कोवळ्या मुलाने तीन गोल ठोकले, १-३. मुलाचं नाव कियान नासिरी. मजीदसोबत आलेला, भारतात शंभर गोल करणारा पहिला परदेशी ठरलेला आणि कोलकात्यातच संसार थाटलेला जमशिद, त्याचा हा मुलगा. घरचाच पोरगा दुसऱ्याच्या बाजूने खेळला! कित्येक ईस्ट बंगालवाल्यांनी त्या रात्री शिव्या देत देत ‘शेवटी रक्त कोणाचं’ असंही म्हणून घेतलं.

ईस्ट बंगालने आय-लीग किती वेळा जिंकली?

एकदाही नाही. तिच्या आधीची राष्ट्रीय लीग तीनदा (२०००-०१, २००२-०३, २००३-०४). पुढचा प्रश्न.

या आठवणी खऱ्या असतात की तिखटमीठ लावलेल्या?

तारखा आणि गोल बहुधा अचूक असतात, बाकी जपून घ्यावं. पाच-शून्य ‘प्रत्यक्ष पाहिलेल्या’ सगळ्यांना बसवायचं तर तीन स्टेडियमं लागतील. रेडिओवर ऐकलेला सामना कालांतराने पाहिलेला होतो, आणि वडिलांनी पाहिलेला स्वतःचा होतो. फसवायचा हेतू नसतो. अजय बसू, पुष्पेन सरकार यांचं बंगाली धावतं वर्णन ज्यांनी कानात साठवलं, त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र खरोखरच उभं असतं.

खात्री करायची असेल तर बारीकसारीक तपशील विचारा: पाऊस होता का, तिकीट कसं मिळालं, परतताना ट्राम मिळाली का. जो खरंच होता त्याला गोलापेक्षा ट्रामची रांग जास्त आठवते.

नव्या पोरांकडे स्वतःची काही आठवण आहे की सगळी उसनी?

२८ जानेवारी २०२४ पर्यंत उसनीच होती म्हणा. त्या रात्री भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात ओडिशा एफसीवर जादा वेळेत ३-२ असा विजय मिळाला, निर्णायक गोल क्लेटन सिल्वाचा. बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरचा चषक. कोलकात्याहून रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने पोरं पोहोचली होती. त्यांच्या आजोबांना हा सामना विशेष वाटला नाही (‘समोर मोहन बागान कुठे होतं?’), पण त्याला इलाज नाही.

कोलकात्याला गेल्यावर हे सगळं ऐकायचं तर कुठे जावं?

मैदान भागात ईस्ट बंगालचा तंबू, म्हणजे क्लबचं ठिकाण आहे, फोर्ट विल्यमच्या बाजूला. जमीन लष्कराची, त्यामुळे तिथे पक्कं स्टेडियम बांधता येत नाही. लीगचा सामना असेल त्या दिवशी दुपारी लवकर जा, मोठ्या डर्बीला (मोहन बागानशी सामना) नको. डर्बीला कोणी शांतपणे बोलत नाही, आणि ती बहुधा सॉल्ट लेकला असते. एखाद्या साध्या संघाविरुद्धची, पावसाळी दिवसाची मॅच निवडा. गॅलरीत पांढऱ्या केसांच्या माणसाशेजारी बसा. दादा म्हणून हाक मारा, वय जास्त दिसलं तर काकू (बंगालीत काका) किंवा काकाबाबू. आपण महाराष्ट्रातले असं सांगा, रोव्हर्स कपचा विषय काढा आणि चहा तुम्हीच मागवा. मोहन बागानचा उल्लेख पहिल्या पंधरा मिनिटांत करू नका, तो ते स्वतःच करतील. आणि अंगात हिरवा किंवा मरून (मोहन बागानचे रंग) शर्ट असेल तर हॉटेलवर जाऊन आधी बदलून या.